मालमत्तेत पैसे गुंतवण्यापूर्वी आपली गृहीतके कशी तपासावीत

भाड्याने देण्यासाठी एखादी सदनिका किंवा गाळा विकत घेण्याचा निर्णय कागदावर उलगडून पाहिला, तर त्यात ठाऊक असलेल्या गोष्टी थोड्या आणि धरून चाललेल्या गोष्टी पुष्कळ असल्याचे आढळते. मागितलेली किंमत ठाऊक असते, क्षेत्रफळ मोजता येते आणि कर्जाचा आजचा व्याजदर बँक सांगते. मात्र भाडे किती येईल, जागा वर्षातून किती दिवस रिकामी राहील, दुरुस्तीला किती लागेल, पाच वर्षांनी व्याजदर कुठे असेल आणि विकायची वेळ आली तर कोण, किती दिवसांत, कोणत्या किमतीला घेईल, हे सारे आपण मनाशी धरलेले असते. शेअरबाबतचा अंदाज चुकला तर तो दुसऱ्या दिवशी विकून मोकळे होता येते. मालमत्ता विकायला महिने लागतात आणि व्यवहाराचा खर्च घेताना एकदा व विकताना पुन्हा एकदा सोसावा लागतो. त्यामुळे येथे गृहीतकांची तपासणी इसार देण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे.

आधी लिहून काढा

पहिले काम लिहिण्याचे आहे, आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. “या भागात भाडे चांगले येते” हे विधान तपासता येत नाही, कारण ते खोटे ठरण्याची कोणतीही अट त्यात नाही. “ताबा मिळाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, किमतीच्या आठ टक्के वार्षिक भाड्याने, किमान वर्षभराचा करार करणारा भाडेकरू मिळेल” हे विधान मात्र तपासता येते. त्यात आकडा आहे, मुदत आहे आणि चूक ठरण्याची जागा आहे. प्रत्येक गृहीतक असेच मांडावे आणि त्यापुढे दोन गोष्टी नोंदवाव्यात: हे मला कोणी सांगितले, आणि काय दिसले तर मी हे चूक मानीन.

“कोणी सांगितले” हा रकाना भरू लागताच बरेच काही उघड होते. काही आकडे आपण स्वतः मोजलेले असतात, काही नोंदणीकृत कागदपत्रांतून आलेले असतात, काही विक्रेत्याने किंवा दलालाने सांगितलेले असतात आणि काहींचा उगमच सापडत नाही. ते केवळ आपल्याला हवेसे वाटतात म्हणून यादीत शिरलेले असतात. दलाल खोटेच बोलतो असे समजण्याचे कारण नाही. परंतु व्यवहार झाला तरच त्याला मेहनताना मिळतो, त्यामुळे त्याने दिलेला आकडा ही तपासाची सुरुवात समजावी. या शेवटच्या दोन प्रकारांतील आकड्यांवर यादीचा मोठा भाग उभा असेल, तर हिशेब मांडण्याआधी आणखी माहिती गोळा करावी.

कोणत्या गृहीतकावर निर्णय उभा आहे ते शोधा

यादीतील सगळी गृहीतके सारख्या वजनाची नसतात. ज्या आकड्यात थोडा फरक पडला तरी निर्णय उलटतो, त्यावर बहुतेक श्रम खर्च करावेत, आणि असा आकडा कोणता हे तर्काने कळत नाही, हिशेबानेच कळते. म्हणून येथे एक उदाहरण सविस्तर मांडतो. चलन कोणतेही असू शकते, म्हणून मालमत्तेची किंमत नुसती १००० धरू.

व्यवहाराचा खर्च ७० धरला, तर एकूण लागणारी रक्कम १०७० होते. त्यापैकी ७०० कर्ज, वीस वर्षांच्या मुदतीचे, सहा टक्के दराने. म्हणजे पदरचे ३७०. वार्षिक भाडे ८०. देखभाल, कर आणि विमा मिळून खर्च १२. कर्जाचे हप्ते वर्षाला सुमारे ६०.२ होतात. भाड्यातून खर्च आणि हप्ते वजा केले की वर्षाला ७.८ शिल्लक राहतात. किंमत दरवर्षी चार टक्क्यांनी वाढली, पाच वर्षांनी मालमत्ता विकली आणि विक्रीचा खर्च पाच टक्के धरला, तर पदरच्या रकमेवर वर्षाला साधारण दहा टक्के परतावा दिसतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात बहुधा हेच चित्र असते, आणि त्यात बेरीज-वजाबाकीची चूक एकही नसते.

आता एकेक गृहीतक हलवून पाहू. जागा वर्षातून एक महिना रिकामी राहिली, तर भाडे ६.७ ने घटते आणि शिल्लक १.१ उरते. खर्च १२ ऐवजी १८ निघाला, तर शिल्लक १.८. व्याजदर साडेसात टक्क्यांवर गेला, तर हप्ते वर्षाला ६७.७ होतात आणि शिल्लक ०.३. तिन्ही वेळा शिल्लक शून्याच्या वर आहे. एवढ्यावर थांबणारा माणूस समाधानाने सांगेल की, मी सगळ्या शक्यता तपासल्या आणि प्रत्येक चाचणीत मालमत्ता टिकली. परंतु तिन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, तर शिल्लक उणे १२.३ होते, म्हणजे दरमहा खिशातून सुमारे एक भरावा लागतो, आणि तोही ज्या मालमत्तेतून उत्पन्न मिळायचे होते तिच्यासाठी.

माझ्या मते या साऱ्या तपासणीत सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा मुद्दा हाच आहे. गृहीतके एकेकटी तपासली जातात. प्रत्यक्षात ती एकमेकांचा हात धरून कोसळतात. एखाद्या भागातला मोठा कारखाना बंद पडला की भाडेकरू निघून जातात, उरलेले भाडे कमी करून मागतात, त्याच वेळी अनेक मालक विकायला काढतात आणि किंमत घसरते. शिवाय गुंतवणूकदाराचा स्वतःचा रोजगार त्याच भागात असेल, तर त्याचे उत्पन्नही त्याच महिन्यात धोक्यात येते. म्हणून एकेकटी चाचणी झाल्यावर एक “वाईट वर्ष” मांडावे, ज्यात रिकामा काळ, वाढलेला खर्च, चढलेला व्याजदर आणि घसरलेली किंमत एकत्र असतील, आणि त्या वर्षाची तूट सोसता येईल एवढी रोख रक्कम आपल्याजवळ आहे का, ते पाहावे.

हिशेब उलट्या बाजूनेही करावा. वरील उदाहरणात शिल्लक शून्यावर यायला जागा किती काळ रिकामी राहावी लागेल? ७.८ ला मासिक भाड्याने भागले की उत्तर येते सुमारे ३५ दिवस. आता प्रश्नाचे रूप बदलते. “रिकामा काळ किती धरू?” याला कोणतेही उत्तर खपून जाते. “या इमारतीत एक भाडेकरू गेल्यावर दुसरा यायला आणि मधली रंगरंगोटी उरकायला दरवर्षी पाच आठवड्यांहून कमी वेळ लागतो का?” हा प्रश्न मात्र इमारतीत जाऊन विचारता येतो.

किमतीच्या वाढीचेही तसेच. बाकी सारे आकडे मूळचेच ठेवून किंमत पाच वर्षे जागची हलली नाही असे धरले, तर परतावा दहा टक्क्यांवरून साधारण सव्वा टक्क्यावर येतो. किंमत दहा टक्क्यांनी घसरली, तर पदरच्या रकमेपैकी जवळपास एक-पंचमांश बुडतो, कारण कर्ज घसरणीत वाटेकरी होत नाही. या उदाहरणात निर्णय भाड्यावर उभा आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात तो किमतीच्या वाढीवर उभा आहे. आपल्या मालमत्तेचा असा हिशेब करून पाहिल्याशिवाय पुढचा तपास कोठे करायचा, हे ठरवता येत नाही.

भाडे: जाहिरातीतले आणि करारातले

जाहिरातीत दिसते ते मागितलेले भाडे. आपल्याला हवे आहे ते करारात लिहिलेले आणि दरमहा खात्यात जमा होणारे भाडे, आणि या दोहोंतले अंतर शोधण्यासाठी थोडी चिकाटी लागते. त्या परिसरातल्या, आपल्या मालमत्तेसारख्याच जागांच्या जाहिराती सलग काही आठवडे नोंदवाव्यात: पहिल्यांदा दिसल्याची तारीख, मागितलेले भाडे, भाडे उतरवले असल्यास त्याची तारीख, आणि जाहिरात नाहीशी झाल्याची तारीख. लवकर नाहीशा होणाऱ्या जाहिरातींचे भाडे बाजाराला मान्य आहे असे समजावे. महिनोन्महिने दिसणाऱ्या जाहिरातींतले भाडे ही मालकाची इच्छा आहे. सरासरी काढताना मात्र या दुसऱ्या प्रकारच्या जाहिराती अधिक काळ दिसत राहिल्यामुळे अधिक संख्येने हाती लागतात, आणि त्यामुळे परिसराचे भाडे असते त्याहून जास्त वाटते.

त्यानंतर इमारतीत जावे, आणि तेही एकदा दिवसा व एकदा संध्याकाळी. संध्याकाळी दिवे लागल्यानंतर समोरच्या बाजूला उभे राहून किती खिडक्या अंधारात आहेत ते मोजावे, आणि हेच दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करावे, म्हणजे बाहेर गेलेली कुटुंबे रिकाम्या जागांत मोजली जाणार नाहीत. टपालपेट्यांमध्ये साचलेले कागद, नावाची पाटी नसलेली दारे, एकाच जिन्यात लागलेल्या दोन-तीन “भाड्याने देणे आहे”च्या पाट्या, या खुणा माहितीपत्रकात कधी येत नाहीत. पहारेकऱ्याशी आणि खालच्या मजल्यावरील भाडेकरूशी बोलावे. पाणी किती वेळ येते, लिफ्ट कितीदा बंद असते, आधीचा भाडेकरू का गेला, हे त्यांना मालकापेक्षा चांगले ठाऊक असते. भाडेकरू का आले, यापेक्षा भाडेकरू का गेले, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

विक्रेता “सध्या भाडेकरू आहे, भाडे सुरू आहे” असे सांगत असेल, तर करार आणि गेल्या वर्षभराची बँकेतली जमा दोन्ही मागावी. भाडेकरू विक्रेत्याचा नातलग तर नाही ना, पहिले काही महिने भाडे माफ करून पुढचा आकडा फुगवला आहे का, कराराची किती मुदत उरली आहे, हे पाहिल्याशिवाय तो आकडा हिशेबात घेऊ नये. याच ओघात मागणीचा उगमही तपासावा. एका महाविद्यालयावर, एका रुग्णालयावर किंवा एका कंपनीवर अवलंबून असलेली मागणी आज कितीही भक्कम दिसली, तरी ती त्या एका संस्थेच्या निर्णयाइतकीच टिकाऊ असते. परिसरात बांधकाम सुरू असलेल्या इमारतींत किती जागा तयार होत आहेत, हेही मोजावे, कारण त्या जागा आपल्या भाडेकरूला दोन वर्षांनी उपलब्ध होणार असतात.

किंमत: आधी स्वतःचा अंदाज

अमेरिकेतील नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मालमत्तेच्या व्यवसायातील अनुभवी माणसांना आणि काही विद्यार्थ्यांना ॲरिझोनातील टूसॉन शहरातली खरीखुरी घरे दाखवली, सविस्तर माहितीपत्रक दिले आणि घराची योग्य किंमत विचारली. माहितीपत्रकातील बाकी मजकूर सारखाच होता. फक्त मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली होती. ज्यांना मोठी किंमत सांगितली त्यांनी घराचे मूल्य मोठे ठरवले, ज्यांना लहान सांगितली त्यांनी लहान ठरवले, आणि या बाबतीत जाणकारही विद्यार्थ्यांसारखेच वागले. त्यातही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मागितलेल्या किमतीचा आपल्या अंदाजावर परिणाम झाला आहे, हे जाणकारांपैकी बहुतेकांनी मान्य केले नाही.

यावर उपाय साधा आहे. शक्य असेल तेथे मागितलेली किंमत पाहण्याआधीच मालमत्तेचा स्वतःचा अंदाज लिहून ठेवावा. किंमत आधीच कळली असेल, तर तशाच माहितीवर दुसऱ्या कोणाकडून, किंमत न सांगता, अंदाज घ्यावा. तुलनेसाठी शेजारच्या मालमत्तांच्या मागितलेल्या किमती न घेता नोंदणी झालेल्या विक्रीच्या किमती घ्याव्यात. त्या सहसा सरकारी नोंदणी कार्यालयात पाहायला मिळतात, आणि त्या शोधण्याचा कंटाळा करू नये. तुलनेला निवडलेल्या व्यवहारांतून आपल्याला न पटणारे व्यवहार गाळण्याचा मोह होतो. गाळायचेच असतील, तर गाळण्याचा नियम किमती पाहण्यापूर्वी ठरवावा.

पुढच्या वाढीबद्दल मात्र मी वाचकाला जास्तीत जास्त कठोर राहायला सांगेन. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये बोस्टन, लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि मिलवॉकी या चार महानगरांतील घर घेणाऱ्यांना विचारले होते की, पुढील दहा वर्षे घराची किंमत दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल. चारही ठिकाणी सरासरी उत्तर दोन आकडी आले. त्यानंतर २००६ च्या शिखरापासून २०१२ पर्यंत अमेरिकेतील घरांच्या किमती देशभरात सरासरी चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरल्या. जपानमध्ये शहरी जमिनीच्या किमती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर पोहोचल्या आणि नंतर दहा वर्षांहून अधिक काळ उतरत राहिल्या. ज्यांनी त्या वेळी “जमीन कधी स्वस्त होत नाही” असे धरले होते, त्यांच्या उभ्या कारकिर्दीत ते गृहीतक खरे ठरले नाही.

अगदी लांबचा काळ पाहायचा तर ॲमस्टरडॅममधील हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांचा अभ्यास उद्बोधक आहे. पीट आइखहोल्ट्झ यांनी १६२८ ते १९७३ या काळात त्याच त्या घरांच्या पुनःपुन्हा झालेल्या विक्रींवरून निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर सुमारे साडेतीनशे वर्षांत किंमत जेमतेम दुपटीच्या आसपास गेली, आणि ही घरे शहरातील सर्वांत प्रतिष्ठित भागातली होती. याउलट १८७० ते २०१५ या काळातील सोळा प्रगत देशांच्या एका अभ्यासात घरांतील गुंतवणुकीचा महागाई वजा जाता एकूण परतावा चांगला, वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास आढळला. परंतु त्यातला मोठा वाटा भाड्याचा होता. या दोन अभ्यासांत विसंगती नाही. मालमत्ता दीर्घकाळात जे देते त्यातले बरेचसे भाड्याच्या रूपाने देते, आणि म्हणून केवळ किमतीच्या वाढीवर तग धरणारा हिशेब नाजूक असतो.

यातून मी पाळत असलेला आणि इतरांना सुचवत असलेला नियम असा: मुख्य हिशेबात किमतीची वाढ महागाईइतकीच धरावी, आणि दुसऱ्या हिशेबात शून्य धरावी. दुसऱ्या हिशेबातही व्यवहार सोसण्याजोगा असेल तरच पुढे जावे.

येथे कोणाला वाटेल की, पुरेशी माहिती आणि चांगले गणित असले तर वाढीचा अंदाज अचूक करता येईल. झिलो ही अमेरिकी कंपनी घरांच्या किमतींचे संगणकीय अंदाज देण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिने २०१८ मध्ये स्वतः घरे विकत घेऊन विकण्याचा व्यवसाय सुरू केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बंद करत असल्याचे जाहीर केले. काही महिने पुढच्या किमतींचा अंदाज धरल्याइतका नेमका करता येत नाही, असे कारण कंपनीनेच दिले, आणि हातातल्या घरांचे मूल्य त्या तिमाहीत तीस कोटी डॉलरहून अधिक रकमेने कमी दाखवावे लागले. काही महिन्यांची ही कथा आहे; आपण पाच आणि दहा वर्षांचे अंदाज करत असतो.

खर्च आणि वेळ

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ आणि खर्च सातत्याने कमी धरतो, कारण तो हाती असलेल्या योजनेचे टप्पे मोजतो; तशीच कामे पूर्वी इतरांना किती वेळात झाली, हे तो विचारत नाही. घराच्या दुरुस्तीत हे पावलोपावली अनुभवाला येते. स्वयंपाकघर तीन आठवड्यांत, स्नानगृह दोन आठवड्यांत, रंग एका आठवड्यात, अशी बेरीज करून सहा आठवडे ठरवले जातात. परंतु जुनी फरशी उखडल्यावर खालची जलवाहिनी गंजलेली निघते आणि मजूर दुसऱ्या कामावर निघून गेलेले असतात. म्हणून कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेतल्यावर त्याने नुकत्याच पुऱ्या केलेल्या तशाच कामांच्या मालकांना भेटावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: ठरलेला खर्च किती आणि झालेला किती, ठरलेला वेळ किती आणि लागलेला किती. त्या प्रमाणाने आपला आकडा वाढवून घ्यावा. आपले काम वेगळे आहे असे वाटले, तरी तो वाढवावाच.

चालू खर्चात आणखी एक लबाडी, बहुतेक वेळा नकळत, शिरते. गेल्या वर्षीचा खर्च पाहून पुढचा ठरवला जातो. पण छप्पर, लिफ्ट, पाण्याची टाकी, विजेच्या तारा यांचा खर्च दरवर्षी येत नाही, तो काही वर्षांनी एकदम येतो. प्रत्येक घटकाचे वय, त्याचे अपेक्षित आयुष्य आणि बदलण्याचा खर्च मांडून तो खर्च उरलेल्या वर्षांत वाटून टाकावा. विक्रेत्याने दाखवलेली वर्षे नेमकी मोठी दुरुस्ती टाळलेली असू शकतात, आणि तशी टाळलेली दुरुस्ती नव्या मालकाच्या वाट्याला येते. वरच्या मजल्यावरच्या छतावरील ओल, एकाच भिंतीला दिलेला ताजा रंग, या गोष्टी दिसल्या तर स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. तिचा खर्च एकूण व्यवहाराच्या मानाने नगण्य असतो.

कागदपत्रे

मालकी हक्क निर्वेध आहे, मालमत्तेवर कोणाचा बोजा नाही, बांधकामाला परवानगी आहे आणि अपेक्षित वापर कायद्याने चालतो, ही गृहीतके इतरांपेक्षा वेगळी आहेत. येथे टक्केवारी लावू नये आणि “बहुधा ठीक असेल” अशी नोंद करू नये. विक्रेत्याशी किंवा दलालाशी संबंध नसलेल्या वकिलाने लेखी अभिप्राय दिला तर गृहीतक टिकले, नाही तर व्यवहार थांबला. वाढीव परताव्याने ही उणीव भरून निघत नाही.

चूक शोधायला जाणीवपूर्वक बसा

मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० मध्ये लोकांना २-४-६ ही तीन अंकांची मालिका देऊन तिच्यामागचा नियम शोधायला सांगितले. नियम फक्त “चढता क्रम” एवढाच होता. बऱ्याच जणांनी “दोनाने वाढणारे अंक” असा अंदाज बांधला आणि त्याला पोषक ठरणाऱ्याच मालिका विचारत राहिले: ८-१०-१२, २०-२२-२४. प्रत्येक वेळी “बरोबर” असे उत्तर येत गेले आणि चुकीची खात्री वाढत गेली. १-२-५०० असे काहीतरी विचारले असते तर अंदाज तत्काळ मोडला असता. मालमत्ता आवडलेल्या माणसाचा तपास असाच चालतो. तो आनंदी मालकांना भेटतो, भाव वाढलेल्या गल्लीतून फिरतो, आणि त्याला सगळीकडून होकार मिळतो.

म्हणून ठरवून मोडणारे पुरावे शोधावेत. त्याच परिसरात मालमत्ता घेऊन तोट्यात विकलेला एक तरी मालक गाठावा. तेथे न घेण्याचा निर्णय केलेल्या एखाद्याला कारण विचारावे. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक पद्धत वापरावी: घरातल्या किंवा भागीदारांपैकी प्रत्येकाने असे समजायचे की, पाच वर्षे उलटली आहेत आणि ही गुंतवणूक पूर्ण फसली आहे; आता ती का फसली हे दहा मिनिटे, एकमेकांशी न बोलता, लिहायचे. “काय चुकू शकेल?” असे विचारल्यावर लोक सौम्य उत्तरे देतात. “चुकले आहे, कारण सांगा” म्हटल्यावर एरवी गप्प राहणारा माणूसही मनातली शंका कागदावर उतरवतो. आलेले प्रत्येक कारण यादीतील एखाद्या गृहीतकाशी जोडून पाहावे. एखादे कारण कोणत्याच गृहीतकाशी जुळत नसेल, तर आपण काहीतरी धरून चाललो होतो आणि ते लिहायचेच राहिले होते, असे समजावे.

विक्रीचे गृहीतक

“गरज पडली तर विकून टाकू” हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते आणि क्वचितच कोणाच्या यादीत असते. १९९० च्या दशकातील बोस्टनमधल्या सदनिकांचा अभ्यास करून जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवले की, घेतलेल्या किमतीपेक्षा बाजारभाव खाली गेलेले मालक इतरांहून चढी किंमत मागतात आणि त्यांच्या सदनिका बाजारात अधिक काळ पडून राहतात. म्हणजे मंदीत विक्रीला लागणारा वेळ ग्राहक कमी झाल्यामुळे वाढतो, आणि मालकाला तोटा मान्य करवत नसल्यामुळे आणखी वाढतो. आपणही त्या मालकांसारखेच वागू असे धरावे. परिसरात मंदीच्या काळात विक्रीला किती महिने लागले हे जुन्या व्यवहारांवरून शोधावे, आणि तेवढ्या महिन्यांचे हप्ते व खर्च हाताशी रोख ठेवावेत. बदलत्या व्याजदराचे कर्ज असेल, तर ही राखीव रक्कम चढ्या हप्त्यावर मोजावी.

तपासानंतर

तपास पुरा झाला की बदललेल्या आकड्यांवर हिशेब पुन्हा मांडावा आणि त्यातून एकच आकडा काढावा: आपल्याला हवा तो परतावा मिळण्यासाठी या मालमत्तेला जास्तीत जास्त किती किंमत देता येईल. वरच्या उदाहरणातील मालमत्ता १००० ला घेण्याजोगी नसेल, तरी ८७० ला असू शकते. हा आकडा वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी तारखेसह लिहून भागीदाराच्या किंवा घरातल्या जबाबदार माणसाच्या हाती द्यावा. दुसरा ग्राहक तयार आहे, उद्यापर्यंत सांगा, असा निरोप आला की माणूस गृहीतके बदलून किंमत जुळवू लागतो, आणि ती बदलताना बाजारात नवी माहिती काहीच आलेली नसते. त्यानंतर आकडा वाढवायचा असेल, तर यादीतील कोणते गृहीतक कोणत्या नव्या पुराव्यामुळे बदलले, हे त्या दुसऱ्या माणसाला दाखवावे लागेल, असे आधीच ठरवून घ्यावे.

व्यवहार झालाच, तर यादी फेकू नये. दर वर्षअखेरीस प्रत्येक गृहीतकापुढे प्रत्यक्ष आकडा लिहावा: मिळालेले भाडे, रिकामे दिवस, झालेला खर्च, भरलेले व्याज. दोन-तीन वर्षांत आपली चूक कोणत्या बाजूला झुकते ते दिसू लागते. कोणी रिकामा काळ नेहमीच कमी धरतो, कोणी दुरुस्ती. पुढची मालमत्ता पाहताना त्या रकान्यात आपल्या जुन्या नोंदींतला फरक आधीच मिळवून घ्यावा, आणि मगच दलालाने दिलेल्या आकड्याकडे पाहावे.